परदेशी एमबीबीएसला जाताय? परतीच्या दिवसापासून उलट मोजा

मागच्या महिन्यात माझी रात्रपाळी संपत आली होती, तेव्हा आर्णीकडचे एक काका ओळख काढत दवाखान्यात आले. कापडी पिशवीतून त्यांनी एक रंगीत माहितीपत्रक काढलं. त्याच्याच खाली सातबाऱ्याची घडी होती. "पोरीले नीटमंदी दोनशे नव्वद मार्क हायेत. रशियाले पाठवू का नाई, तेवढं सांगा मॅडम."

मी २०१८ ते २०२४ अशी सहा वर्षं रशियात, वोल्गाकाठच्या एका शहरात शिकले. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून दहावी केली होती, घरी सहा एकर कोरडवाहू. परतल्यावर एफएमजीईत, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत, एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले, आणि आता आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात इंटर्नशिप करते आहे. काकांना चहा पाजून जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. माझं गाव सोडताना मला सांगणारं कोणी नव्हतं, आणि त्याची किंमत माझ्या घराने मोजली.

काकांना मी पहिला प्रश्न विचारला तो असा: पोरगी परत आल्यावर काय करणार? परदेशातलं विद्यापीठ पदवी देतं. इथे पेशंटला हात लावायचा परवाना ते देत नाही. तो इथली परीक्षा आणि इथली इंटर्नशिप देते. म्हणून देश, कॉलेज, कर्ज, वह्या-पुस्तकं, सगळं परतीच्या दिवसापासून मागे मोजत ठरवायचं.

१. शेवटची परीक्षा सगळ्यात आधी समजून घ्या

परदेशात एमबीबीएस केलेल्याला भारतात एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. २००२ पासून ती सुरू आहे, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. एका दिवसात ३०० वस्तुनिष्ठ प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. पास व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पुढे नेक्स्ट नावाची परीक्षा येणार हे २०१९ च्या कायद्यातच आहे, पण ती येईपर्यंत हीच.

निम्मे गुण म्हणजे सोपं असेल असं घरच्यांना वाटतं. माझ्या बाबांनाही वाटलं होतं. जून २०२४ च्या सत्रात साधारण पाचातला एक जण पास झाला. हा आकडा घरातल्या मोठ्यांना आजच सांगा, विमानात बसल्यावर नको.

का नापास होतात? पोरं मठ्ठ असतात म्हणून नाही. तिकडच्या बहुतेक परीक्षा तोंडी असतात. टेबलावर उलट्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, तिला बिल्येत म्हणतात. अर्धा तास तयारी करायची आणि प्राध्यापकांसमोर बोलायचं. सहा वर्षं बोलून पास झालेला विद्यार्थी एका दिवशी तीनशे प्रश्नांसमोर बसतो. सवयच नसते. त्यात प्रश्न भारतातल्या रोगांचे, भारतातल्या आरोग्य कार्यक्रमांचे. यावर काय करायचं ते नवव्या टप्प्यात आहे.

२. नियम स्वतः वाचा, ऐकीव घेऊ नका

१८ नोव्हेंबर २०२१ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे नियम लागू आहेत. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्याला ते सगळे लागतात. थोडक्यात:

- शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं, आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी.
- शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं.
- सगळं शिक्षण एकाच संस्थेत. मध्येच कॉलेज किंवा देश बदलला तर अडचण येते.
- त्या देशात तिथल्या नागरिकाला जसा डॉक्टरकीचा परवाना मिळतो तसाच तुम्हालाही मिळू शकेल, अशी ती पदवी हवी.
- परत येऊन भारतात १२ महिन्यांची इंटर्नशिप.
- प्रवेशापासून दहा वर्षांत हे सगळं पूर्ण.

त्याआधी नीट पास असणं बंधनकारक आहेच. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करायला त्यामुळे जागा राहते, आणि दोनशे नव्वदवाल्या मुलीला मी तेच सुचवलं. सरकारी जागा हुकली म्हणून दुसऱ्याच आठवड्यात पासपोर्टच्या मागे धावू नका.

इंग्रजी माध्यमाच्या अटीत मोठी मेख आहे. पहिली तीन वर्षं इंग्रजी आणि पुढची रशियन, अशी द्विभाषिक सोय काही विद्यापीठांत असते आणि तिची फी कमी असते. गावाकडे हेच 'स्वस्त पॅकेज' म्हणून विकलं जातं. सहाही वर्षं इंग्रजी माध्यम आहे हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून घ्या. किती महिन्यांचा अभ्यासक्रम आणि किती महिन्यांची इंटर्नशिप, हेही त्याच पत्रात हवं.

३. कन्सल्टंटसमोर बसताना

परदेशातले प्रवेश करून देणाऱ्या कन्सल्टंटचे नागपूर-अमरावतीच्या हॉटेलात सेमिनार होतात. जेवण असतं, मोठा पडदा असतो, ॲप्रन घातलेली मुलं हसत असतात. आयोगाची मान्यता असलेलं कॉलेज, असं तिथे ठासून सांगतात. आयोग परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही आणि मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये नाव असणं ही निव्वळ पहिली पायरी आहे, तिथे नाव आहे म्हणजे दर्जा आहे असं नाही.

माझ्या कन्सल्टंटने फीचा पहिला हप्ता स्वतःच्या खात्यावर घेतला आणि विद्यापीठाला तो दोन महिने उशिरा भरला. त्या दोन महिन्यांत माझं नाव हजेरीपटावर नव्हतं. वर्गात रोज उभं राहून मी इथे का आहे हे सांगावं लागायचं. म्हणून फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर भरा. कन्सल्टंटची फी वेगळी, तिची पावती वेगळी.

त्याला विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या. मागच्या तीन वर्षांत तुमच्यामार्फत गेलेल्यांपैकी किती जण एफएमजीई पास झाले, त्यातल्या दोघांशी बोलणं करून द्या. हॉस्पिटलमध्ये पेशंट प्रत्यक्ष तपासायला कितव्या वर्षी मिळतात? हॉस्टेल पहिल्या वर्षानंतर मिळतं का? माझी मूळ मार्कशीट तुम्ही ठेवून घेणार का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं की उठून या. मूळ कागद कोणाकडेही ठेवायचे नाहीत.

सगळ्यात खरी माहिती तिथे आज तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींकडे असते. पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून काही कळलेलं नसतं, आणि काहींना नवीन विद्यार्थी आणल्याबद्दल कन्सल्टंट पैसे देतो, हे लक्षात ठेवा.

४. पैसा: इथे घाई केली तर घर बसतं

हा टप्पा मी लांबवणार आहे, कारण आपल्याकडची घरं इथेच मोडतात.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारणाशिवाय मिळतं. त्याच्यावर तारण लागतं. आमच्या बाबांनी तालुक्याच्या शाखेत सातबारा ठेवला तेव्हा मॅनेजर साहेब म्हणाले, "हे चालत नाही." बाबा आठ दिवस जेवले नाहीत नीट, त्यांना वाटलं आपल्या जमिनीचीच किंमत नाही. कारण वेगळं आहे. थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करण्याचा जो सरफेसी कायदा आहे, २००२ चा, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला ती वसूल करणं अवघड जातं, म्हणून ती घ्यायला नाखूश असते. बँकेला हवा असतो अकृषक प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव.

गावठाणातलं घर ठेवायचं म्हटलं तर आपल्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून अनेक बँका तो धरत नाहीत. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद किंवा मालमत्ता पत्रक मिळतं. ते आधी काढा आणि मग बँकेत जा. मामाचा किंवा काकाचा तालुक्याला प्लॉट असेल तर नातेवाईक तारण देऊ शकतात का, हेही बँकेत विचारा. एका शाखेने नाही म्हटलं म्हणजे संपलं असं नाही. नागपूर-अमरावतीच्या मोठ्या शाखांत शैक्षणिक कर्जाची रोजची कामं होतात. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला की अर्जाची नोंद राहते.

शिष्यवृत्तीबद्दल पुष्कळ जण विचारतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे, बारावीनंतरच्या एमबीबीएसला ती धरून चालू नका.

जमीन विकायचीच वेळ आली तर आधी बघा ती भोगवटादार वर्ग दोनची आहे का. असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगीला वेळ लागतो. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी आधी इसार घेतला, मग हे कळलं. तोवर तिच्या फीची तारीख येऊन गेली होती. आणि सावकाराला कर्जाच्या बदल्यात खरेदीखत करून देऊ नका. 'नुसतं नावापुरतं' असं म्हणून केलेली खरेदीखतं फिरत नाहीत, हे आपल्या भागातल्या किती घरांनी भोगलंय.

आता हिशेब. फी हा खर्चाचा अर्धाच भाग समजा. हॉस्टेल, जेवण, दरवर्षीचा आरोग्य विमा, व्हिसा वाढवण्याचा खर्च, हिवाळी कपडे, दोन वर्षांतून एकदा तरी येण्या-जाण्याचं तिकीट, आणि परतल्यावर एफएमजीईच्या तयारीचं किमान अर्धं वर्ष. रुपयाची घसरणही धरा. मी गेले तेव्हा डॉलर सत्तरीच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. फी डॉलरमध्ये ठरलेली असेल तर दरवर्षी न वाढताही ती वाढते.

फी साधारण सप्टेंबरात मागतात. सप्टेंबरात आपला कापूस बोंडात असतो, सोयाबीन शेतात उभं असतं, तूर तर फुलावर पण नसते. घरात दमडी नसते. पहिल्याच वर्षी विद्यापीठाला अर्ज करून फी दोन सत्रांत विभागून घ्या, म्हणजे दुसरा हप्ता फेब्रुवारीत, कापूस-तुरीचा पैसा हातात आल्यावर भरता येतो. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. त्याआधी दोन वर्षं बाबांनी सप्टेंबरात व्याजाने पैसे काढले.

कर्जाच्या हप्त्याचं गणितही आधी मांडा. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षात सुरू होतात. तुम्ही जूनमध्ये परतलात, एका प्रयत्नात एफएमजीई झाली तरी निकाल, नोंदणी, इंटर्नशिपची जागा यात वर्ष निघून जातं. नापास झालात तर हप्ता आधी येतो, कमाई नंतर. माझ्या बाबतीत तेच झालं. सवलतीचा काळ किती, तो वाढवता येतो का, हे मंजुरीपत्रावर सही करायच्या आधी विचारा.

पैसे पाठवण्याबद्दल: मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. भारतातलं असं कार्ड तिथे चालत नाही, मशीन पैसे देत नाही. सुरुवातीचा खर्च रोख डॉलरमध्ये न्यावा लागतो. ते अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून घ्या, पावती जपा. दहा हजार डॉलरच्या वर रोख असेल तर तिथल्या कस्टमला जाहीर करावी लागते. तिथे पोचल्यावर स्थानिक बँकेत खातं उघडा आणि घरून कोणत्या बँकेमार्फत पैसे जातात ते सीनियरना विचारून निघण्याआधीच पक्कं करा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, कापत नाहीत, त्यामुळे कर्ज असेल तर फी त्याच खात्यातून जाऊ द्या.

५. कागदपत्रं आणि नावाचा घोळ

ही यादी भिंतीवर लावा:

- पासपोर्ट. आपल्याकडचे अर्ज नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात
- दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि बोर्डाची प्रमाणपत्रं
- नीटचं निकालपत्र आणि प्रवेशपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला
- वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला
- विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि व्हिसाचं निमंत्रणपत्र
- एचआयव्ही चाचणीचा अहवाल, आरोग्य प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, किमान वीस
- कर्जाचं मंजुरीपत्र

घोळ नावाचा होतो. मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा. कोणी तो रिकामा सोडतं, कोणी वडिलांचं नाव 'राव' लावून लिहितं, दुसऱ्या कागदावर 'राव' नसतं. इथे कोणाला फरक पडत नाही. तिथे पासपोर्टवरून नाव रशियन लिपीत जातं, रशियनमधून पदवीवर पुन्हा इंग्रजीत येतं, आणि सहा वर्षांनी एफएमजीईच्या अर्जात तीन वेगवेगळी नावं उभी राहतात. मार्कशीटवरचं स्पेलिंग प्रमाण माना, आधार आणि पासपोर्ट त्याप्रमाणे करा. फरक उरलाच तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद बारावीच्या सुट्टीतच करून ठेवा.

पुढे ॲपॉस्टिल, म्हणजे आपला कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, रशियाही आहे. राज्याकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. यात काही आठवडे जातात, म्हणून निकाल लागताच सुरुवात करा. मूळ प्रती लॅमिनेट केलेल्या असतील तर शिक्का मारता येत नाही. आपल्याकडे हौसेने सगळं लॅमिनेट करतात. करू नका.

६. बॅग भरताना

आईने दिलेलं सगळं न्यायचं मन होतं, पण एक डबा घरीच ठेवा. सावजी मसाल्यात खसखस असते. रशियाला जाणारी बरीच विमानं आखातातून जातात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. मसाला खसखशीशिवाय करून घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी नेऊ नका. साध्या औषधांसोबतही डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवा.

न्या: तीन लिटरचा कुकर, तूर डाळ, तिखट, हळद, कुरडया-पापड, चष्म्याची जास्तीची जोडी, भारतीय लेखकांची पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि पीएसएमची (सार्वजनिक आरोग्याचा विषय) पुस्तकं. वीज तिथेही २२० व्होल्ट आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. जाड जॅकेट आणि बूट नागपुरात घेऊ नका. आपल्या दुकानदाराने उणे पंचवीस बघितलेलं नसतं. तिथे ऑक्टोबरात सीनियरसोबत जाऊन घ्या.

७. पहिले तीस दिवस

विमानतळावर एक छोटा कागद मिळतो, मायग्रेशन कार्ड. पासपोर्टइतकाच तो जपा. सात कामकाजाच्या दिवसांत तुमच्या पत्त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती विद्यापीठ करतं, पण झाली का हे रोज विचारायचं काम तुमचं. गावाला जाऊन परत आलात, दुसऱ्या हॉस्टेलला गेलात, की पुन्हा नोंदणी. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी करावी लागते. पहिला व्हिसा साधारण तीन महिन्यांचाच असतो, तो तिथेच वाढवून मिळतो. त्या काळात पासपोर्ट डीन ऑफिसात, म्हणजे देकानातमध्ये असतो. तेव्हा त्याची छायाप्रत आणि विद्यापीठाचं ओळखपत्र खिशात ठेवल्याशिवाय बाहेर पडू नका.

परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नाव नोंदवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि घरी फोनची वेळ ठरवून घ्या. मॉस्कोची वेळ आपल्यामागे अडीच तास. ऑगस्ट २०२५ पासून तिथे व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर निर्बंध आले आहेत, म्हणून आईला निघण्याआधी दुसरं एखादं ॲप शिकवून ठेवा. फोन लागला नाही की गावात अख्खी आळी गोळा होते.

८. अभ्यास, भाषा आणि थंडी

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, हिस्टॉलॉजी, लॅटिन, रशियन भाषा, इतिहास असं सगळं एकदम येतं. वर्ग दहा-पंधरा मुलांचे, रोज तोंडी विचारतात, गुण पाचपैकी. दोन म्हणजे नापास. वर्ग बुडाला किंवा दोन मिळाले की तो धडा वेगळ्या दिवशी जाऊन भरून द्यावा लागतो, त्याला ओत्राबोत्का म्हणतात. ओत्राबोत्का साठवू नका. साठल्या की सेमिस्टरच्या परीक्षेला बसू देत नाहीत. जानेवारीत आमच्या बॅचची चार मुलं याच कारणाने मागे राहिली.

मराठी माध्यमातून आलेल्यांना सांगते, पहिले तीन महिने इंग्रजीने घाबरवलं तरी ती घाबरण्याची गोष्ट नाही. शरीरातले शब्द बहुतेक लॅटिन, ते तिथे सगळ्यांनाच नवे असतात. मी रोज तीस शब्द मराठी अर्थासह वहीत लिहायचे.

खरी भाषा रशियन. प्राध्यापक इंग्रजीत शिकवतील, पण पेशंट इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या वर्षी वॉर्डात उभं केल्यावर ज्याला रशियन येतं तो पेशंट तपासतो, ज्याला येत नाही तो भिंतीला टेकून उभा राहतो. सहाव्या वर्षापर्यंत भिंतीला टेकलेली मुलं मी पाहिली आहेत. 'ग्द्ये बलीत?' म्हणजे कुठे दुखतं, 'दिशीत्ये' म्हणजे श्वास घ्या, 'नी दिशीत्ये' म्हणजे श्वास रोखा. एवढ्यावर मी माझी पहिली छाती तपासली. त्या आजीबाईंनी माझी वाक्यं दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी सफरचंद दिलं.

डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो. यवतमाळच्या उन्हात वाढलेल्याला थंडीपेक्षा हा अंधार जड जातो. झोप बिघडते, कारण नसताना रडू येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला, खोलीत एकटं जेवू नका, आणि दोन आठवड्यांहून जास्त तसं राहिलं तर विद्यापीठाच्या दवाखान्यात सांगा. घरी खोटं 'मी मजेत आहे' म्हणत राहिलेली एक मुलगी दुसऱ्या वर्षी अभ्यास सोडून परतली. तिने आधी सांगितलं असतं तर आम्ही तिला सांभाळलं असतं, असं मला आजही वाटतं.

९. तिथे जे दिसत नाही ते स्वतः शिका

माझा पहिला प्रयत्न १३८ गुणांवर अडला, तो मुख्यतः इथे. रशियातल्या सहा वर्षांत मी नाग, घोणस, मण्यार चावलेला एकही पेशंट पाहिला नाही. फवारणीची विषबाधा नाही, सिकलसेल नाही, मलेरिया पुस्तकातच. आणि आपल्याकडे? २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मी तेव्हा बारावीत होते, आमच्या शेजारच्या गावात फवारणी बंद पडली होती. तरी त्या विषबाधेवरच्या ॲट्रोपिन या औषधाचा डोस मला परतल्यावर पाठ करावा लागला.

एफएमजीईत एकट्या पीएसएमला ३० गुण आहेत. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतीला ३०, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीला प्रत्येकी १७. पीएसएम म्हणजे आपल्या गावाचीच गोष्ट: सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांमागे, लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा कार्यक्रम, २०२३ मध्ये सुरू झालेलं सिकलसेल निर्मूलन अभियान. माझी मावशी आशा कार्यकर्ती आहे. दुसऱ्या प्रयत्नाआधी मी तिच्या रजिस्टरवरून लसीकरण शिकले आणि ते पुन्हा विसरले नाही. तुम्ही पहिल्याच उन्हाळी सुट्टीत हे करा. गावी आलात की आठ दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन नुसतं बाजूला उभं राहा.

दुसऱ्या वर्षापासून रोज वीस वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवा. जो विषय तिथे शिकवला जातोय त्याचेच. सहाव्या वर्षी एकदम एकोणीस विषय उघडले तर मेंदू बंद पडतो.

परवा पहाटे एक बाई आली, रात्री जमिनीवर झोपलेली, पोट दुखतं म्हणून. अंगावर कुठे खूण नाही. पापण्या जड होत होत्या. सीनियर डॉक्टरांनी तिच्याकडे बघताच मण्यार म्हटलं आणि प्रतिविष सुरू केलं. ती वाचली. हे पान माझ्या रशियन पुस्तकात नव्हतं.

१०. तिथल्या कामाच्या आमिषांपासून लांब राहा

विद्यार्थ्यांना चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सांगणारे लोक भेटतात: मदतनीस, सुरक्षारक्षक, गोदामात काम. अशा नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय तरुण रशियन सैन्यात ओढले गेले आणि काही जण मारले गेले. भारत सरकारने यापासून लांब राहा असं वारंवार बजावलं आहे. रशियन भाषेतल्या कोणत्याही करारावर, वाचता येत नसताना, सही करू नका. पैशाची अडचण असेल तर घरी सांगा, देकानातला सांगा, सीनियरना सांगा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधली मुलं हातातल्या एका बॅगेवर परतली. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर जमाव चालून गेला. कोणत्याही देशात असा, मूळ कागदपत्रांची एक वेगळी पिशवी दाराजवळ ठेवा, आणि सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती घरी एका पेनड्राइव्हवर.

११. परतताना आणि परतल्यावर

पदवी हातात आली की लगेच विमान पकडू नका. पदवी आणि गुणपत्रकाचं ॲपॉस्टिल तिथेच करून घ्या, इंग्रजी भाषांतरासह. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र तारखांसकट. माध्यम इंग्रजी होतं याचं पत्र. काही महिने ऑनलाइन वर्ग झाले असतील तर ते नंतर प्रत्यक्ष भरून काढल्याचं पत्र. आमचे २०२० मधले वर्ग ऑनलाइन झाले होते आणि ते पत्र मिळवायला मला इथून सात महिने ईमेल करावे लागले. जुना पासपोर्ट संपला असेल तरी फेकू नका. त्यावरचे येण्या-जाण्याचे शिक्के तपासतात.

एफएमजीई पास झालात की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी आणि मग १२ महिन्यांची इंटर्नशिप. इंटर्नशिपसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, आयोगाच्या सूचनेप्रमाणे त्यासाठी शुल्क घेता येत नाही, आणि विद्यावेतन भारतात शिकलेल्या इंटर्नइतकंच द्यायचं आहे. जागांची यादी निघाली की मोठ्या शहराच्या मागे न लागता, जिथे पेशंट जास्त आणि डॉक्टर कमी, असं ठिकाण मागा. हात तिथेच बसतो.

नोंदणीसाठी मुंबईला जाताना मूळ कागद स्वतः घेऊन जा, कुरिअरने पाठवू नका. अमरावती किंवा वर्ध्याहून रात्रीच्या गाडीचं परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं काढा, कारण एखादी छायाप्रत कमी आहे असं पहिल्या दिवशी हमखास सांगतात.